मेडत्याचा निकाल

शिंदे आणि जोधपूरचे राठोड यांचे वैर जुने होते. १७५४ मध्ये जयाप्पा शिंद्यांनी मेडत्याजवळ जोधपूरच्या विजयसिंगाचा पराभव केला आणि पुढे त्याला नागोरच्या किल्ल्यात कोंडले. तिथेच, १७५५ च्या जुलैत, विजयसिंगाच्या माणसांनी मराठ्यांच्या छावणीत शिरून जयाप्पांचा दगाफटक्याने खून केला. त्यानंतरच्या तहात अजमेर मराठ्यांकडे आले.

जयाप्पांचे धाकटे भाऊ महादजी. १७८७ च्या जुलैत लालसोटजवळ तुंगा येथे जयपूर आणि जोधपूरच्या फौजा त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. लढाई अनिर्णित राहिली, पण महादजींच्या चाकरीतल्या मोगली पलटणी थकलेल्या पगारावरून बिथरल्या आणि तोफांसकट शत्रूला जाऊन मिळाल्या. महादजींना माघार घ्यावी लागली. विजयसिंगाने संधी साधून अजमेर परत घेतले.

त्या पडत्या दिवसात एक गोष्ट मात्र महादजींच्या नजरेत भरली. सॅव्हॉयहून आलेल्या डी बॉईनच्या दोन पलटणींनी राठोड स्वारांचा हल्ला जागेवर उभे राहून परतवला होता. महादजींनी त्याच्याकडून कवायती कंपू उभा करून घेतला. लांब पल्ल्याच्या तोफा, संगिनी लावलेल्या बंदुका, एकसारखी कवायत आणि मुख्य म्हणजे वेळेवर पगार!

२० जून १७९० रोजी जयपूरच्या उत्तरेला पाटण येथे या कंपूने मोगल सरदार इस्माईल बेग आणि राजपूत यांच्या संयुक्त फौजेची दाणादाण उडवली. इस्माईल बेग पळाला, तोफखाना हाती लागला. आता जोधपूरची पाळी होती.

१० सप्टेंबरला पहाटे डी बॉईनच्या तोफांनी मेडत्याजवळच्या राठोड छावणीवर मारा सुरू केला. छावणी बेसावध होती. एवढ्यात रोहान नावाचा अधिकारी हुकुमाची वाट न पाहता आपल्या पलटणी घेऊन पुढे घुसला आणि एकटा पडला. राठोड स्वारांनी ती फट नेमकी हेरली. रोहानच्या पलटणी मागे रेटून त्यांनी दोन्ही बगलांवर धडक मारली. डी बॉईनने पायदळाचा पोकळ चौकोन रचला. चारही बाजूंना संगिनींची भिंत आणि अधूनमधून तोफा. राठोड पुन्हा पुन्हा चालून आले, छर्‍यांच्या माऱ्यात कोसळले, उरलेले परत फिरून आले. शरण जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या सरदारांत आसोपचे ठाकूर महेशदास कुंपावतही होते.

राठोड शौर्यात तसूभरही उणे नव्हते; तोफखाना, कवायत आणि पगाराची शिस्त यांत ते मागे पडले. तुंग्याच्या अपयशातून महादजी शिकले, तुंग्याच्या यशातून विजयसिंग काहीच शिकला नाही.

१७९१ च्या आरंभी विजयसिंगाने तह केला. जबर खंडणी कबूल करून त्याने अजमेर सोडले. ते शिंद्यांकडे राहिले १८१८ पर्यंत. त्या वर्षी दौलतराव शिंद्यांनी ते इंग्रजांच्या हवाली केले.