भिंतीतली ओल आणि तीन वर्षांची मुदत

गणपती आणि कोजागिरीच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. मी ओलीबद्दल लिहितो, कारण तोही आपल्या सोसायटीचा इतिहास आहे.

डिसेंबर १९९९ मध्ये आपल्याला ताबा मिळाला आणि २००० मध्ये सोसायटीची नोंदणी झाली. त्याच पावसाळ्यात माझ्या बाथरूमच्या छताला ओल आली, रंगाचे पोपडे पडू लागले. मी तडक वरच्या मजल्यावर गेलो आणि नको ते बोललो. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, आमचे नळ कोरडे आहेत, हवं तर बघून जा." मी बघितलं नाही. पुढे दोन वर्षं आमच्यात बोलणं नव्हतं, हळदीकुंकवाची बोलावणीसुद्धा थांबली.

कर्जाबरोबर बँकेने घराचा विमा काढायला लावला होता. म्हटलं, चला, आता तरी उपयोग होईल. सर्व्हेअर आले, भिंत ठोकून पाहिली, फोटो काढले. महिन्याभराने पत्र आलं: दावा नामंजूर. विमा आग, वादळ, पूर अशा आपत्तींसाठी आहे. हळूहळू झिरपणारं पाणी आणि सदोष बांधकाम त्यात बसत नाही. मी दोनदा भांडून लिहिलं, उत्तर तेच.

त्यातली मेख मला २६ जुलै २००५ ला कळली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आपल्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी शिरलं. ज्यांचा विमा होता त्यांना पैसे मिळाले. पूर बाहेरून अचानक येतो. माझ्या छतातला दोष मात्र पहिल्या दिवसापासून तिथेच होता, फक्त दिसत नव्हता. त्याची जबाबदारी बांधणाऱ्याची, विमा कंपनीची नव्हे.

हे आपल्या तेव्हाच्या सचिवांनी आधीच ओळखलं होतं. ऑक्टोबर २००२ च्या सभेत ते १९६३ च्या मोफा कायद्याचं पुस्तक घेऊन आले. कलम ७ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ३ वर्षांत दोष कळवला, तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करायचा, जमत नसेल तर भरपाई द्यायची. आपल्या हातात दोनच महिने उरले होते. त्यांनी विचारलं, "कोणाकोणाकडे ओल आहे?" अकरा हात वर झाले, सगळे बाथरूमच्या एकाच ओळीतले. वहिनींनी आपल्या घरच्या फरश्या उखडू दिल्या. खाली वॉटरप्रूफिंग केलेलंच नव्हतं!

त्या संध्याकाळी मी वर जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, बाकी काही बोलल्या नाहीत.

अकरा सह्यांचं पत्र फोटोंसकट रजिस्टर्ड एडीने गेलं. बिल्डर आधी म्हणाला, "वापरामुळे झालंय." सचिवांनी ग्राहक मंचाची आठवण करून दिली, १९९३ पासून घरबांधणी ही 'सेवा' म्हणून ग्राहक कायद्यात आली आहे. मार्चमध्ये माणसं आली आणि अकराही बाथरूम नव्याने झाली. आतला रंग मात्र ज्याने त्याने स्वखर्चाने दिला. माझ्या दोन वर्षांच्या तोंडी तक्रारींचा पुरावा शून्य होता. एका पोचपावतीने काम झालं.

आता आपली मुलं नवीन घरं घेत आहेत. रेरा कायद्याने ती मुदत ५ वर्षांची केली आहे आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्ती करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. त्यांना माझं एवढंच सांगणं: पहिला पावसाळा नीट बघा, फोटो काढा, तारखेसह लेखी कळवा. विमा जरूर काढा, पण त्यात काय बसत नाही ते पान आधी वाचा.

आणि वरच्या मजल्यावर भांडायला जाण्याआधी, त्यांचे नळ खरंच कोरडे आहेत का, ते एकदा बघून या.