पान, पृष्ठ आणि पुढे चालू

संस्कृतातलं ‘पर्ण’, प्राकृतातलं ‘पण्ण’, मराठीतलं ‘पान’. झाडाचं, विड्याचं, जेवणाचं, पुस्तकाचं, सगळी पानं एकाच देठाची. ‘पृष्ठ’ मात्र दुसऱ्या कुळातलं. त्याचा मूळ अर्थ शरीराची मागची बाजू. आपली ‘पाठ’ त्यातूनच आली. म्हणून एका पानाला पृष्ठं दोन. पोथीत आकडा पानाला एकच असतो. छापखान्यानं दोन्ही बाजूंवर आकडे टाकले आणि बोलण्यात पान म्हणजेच पृष्ठ होऊन बसलं.

इंग्रजी ‘पेज’ झाडावरून उतरलेलं नाही. लॅटिन ‘पाजिना’ म्हणजे पपायरसच्या गुंडाळीवरचा मजकुराचा रकाना. मागचा धातू ‘घट्ट बसवणे’ या अर्थाचा.

हे घट्ट बसवलेलं पान वेबवर आलं आणि घोटाळा झाला. शोधनिकालांच्या खाली १, २, ३ असे आकडे दिसतात. पुस्तकाचं तिसरं पान आपण उघडलं नाही तरी तिथं असतंच. शोधनिकालांचं तिसरं पान मागितल्याशिवाय जन्मालाच येत नाही. ते मागताना प्रोग्रॅमर डेटाबेससाठी लिहितो ‘लिमिट २०, ऑफसेट ४०’. लिमिट म्हणजे ‘इतक्या ओळी दे’. (छापखान्यातला ऑफसेट तो हा नव्हे, इथं त्याचा अर्थ ‘इतक्या ओळी सोड’.) पण सोडायच्या तरी डेटाबेसला त्या आधी मोजत जावं लागतं. दोन हजारावं पान मागा, म्हणजे ३९,९८० ओळी वाचून फेकायच्या आणि हाती द्यायच्या वीस.

त्यात डेटाबेसमधल्या नोंदी हलत्या. नवी नोंद सगळ्यात वर येणारी यादी घ्या. आपण दुसरं पान वाचत असताना वर एक नोंद वाढली, तर दुसऱ्या पानावरची शेवटची ओळ तिसऱ्यावर पुन्हा भेटते. हे निदान दिसतं तरी. वरची एखादी नोंद खोडली गेली, तर मधली एक ओळ कुठल्याच पानावर दिसत नाही आणि ती हुकल्याचं कळतही नाही. आणि क्रम ठरवून देणारं ‘ऑर्डर बाय’ लिहायचंच राहिलं असेल तर क्रम डेटाबेसच्या मर्जीवर.

याला उतारा ‘कीसेट’ पद्धतीचा. किती ओळी सोडायच्या ते सांगायचं नाही. शेवटची दिसलेली नोंद सांगायची आणि तिच्यापुढच्या वीस मागायच्या. तारखेवर क्रम असेल तर सोबत नोंदीचा क्रमांकही द्यायचा, कारण एकाच क्षणाच्या दोन नोंदी असू शकतात. या खुणेला पुष्कळदा ‘कर्सर’ म्हणतात. लॅटिनमध्ये कर्सर म्हणजे धावणारा. स्लाइड रूलवरच्या सरकत्या काचेलाही हेच नाव होतं. मराठीत यासाठी नवा शब्द पाडायला नको. मासिकांनी तो केव्हाच रुळवलाय: ‘मागील पानावरून पुढे चालू’.

मात्र ‘पुढे चालू’वाल्याला एकदम सत्तावन्नाव्या पानावर उडी मारता येत नाही. ती हवीच असेल तर ऑफसेट घ्यावा. नोंदी चार-पाचशेच असतील तर तो जाणवतही नाही.