हंगामी पंतप्रधान

पंतप्रधानाचे निधन, राजीनामा वा निवडणुकीतील पराभव यानंतर नवा नेता शपथ घेईपर्यंत केंद्राचा कारभार पाहणारी व्यक्ती. ‘काळजीवाहू पंतप्रधान’ असेही म्हटले जाते. भारतीय राज्यघटनेत असे वेगळे पद नाही. अनुच्छेद ७५ प्रमाणे राष्ट्रपती पंतप्रधानाची नेमणूक करतात, एवढेच घटना सांगते. अमेरिकेत अध्यक्षाच्या मृत्यूनंतर उपाध्यक्ष आपोआप अध्यक्ष होतो. भारतात उपपंतप्रधानालाही तसा हक्क नाही.

ही पोकळी पहिल्यांदा भरून काढली गुलझारीलाल नंदांनी. २७ मे १९६४ रोजी पंतप्रधान नेहरूंचे निधन झाले आणि त्याच दिवशी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी मंत्रिमंडळातील ज्येष्ठ सहकारी, गृहमंत्री नंदा यांना शपथ दिली. काँग्रेस अध्यक्ष कामराज यांनी दरम्यान खासदारांचा आणि मुख्यमंत्र्यांचा कल जाणून घेतला. मोरारजी देसाई नेतृत्वाच्या शर्यतीतून बाजूला झाले, लालबहादूर शास्त्रींची एकमताने निवड झाली. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदमध्ये शास्त्री गेले आणि नंदा पुन्हा त्या खुर्चीवर बसले. या वेळी मोरारजींनी माघार घेतली नाही. १९ जानेवारीला काँग्रेसच्या खासदारांनी मतदान केले : इंदिरा गांधी ३५५, मोरारजी १६९. दोन्ही वेळा तेरा दिवसांनी नंदांनी सत्ता बिनबोभाट सोपवली. लोकशाहीवर त्यांचे हे मोठे ऋण आहे.

बराच लांबलेला काळ पंतप्रधान चरणसिंगांचा. इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढून घेतल्याने लोकसभेला सामोरे न जाताच चरणसिंगांनी २० ऑगस्ट १९७९ रोजी राजीनामा दिला, तरी १४ जानेवारी १९८० पर्यंत तेच कारभार पाहत होते. लोकसभा विसर्जित झाल्याने त्यांना जाब विचारणारे सभागृहच उरले नव्हते. अशा सरकारने मोठे धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत, हा केवळ संकेत आहे. लिखित मर्यादा नाही, आणि हीच या व्यवस्थेची कच्ची बाजू आहे. मंत्रिमंडळाशिवाय मात्र राष्ट्रपतींना कारभार करता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये यू. एन. आर. राव खटल्यात दिला.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिराजींच्या हत्येनंतर नंदांचा पायंडा पाळला गेला नाही. राष्ट्रपती झैलसिंग येमेनचा दौरा आटोपता घेऊन परतले आणि त्याच संध्याकाळी राजीव गांधींचा थेट शपथविधी झाला.

निवडणुकीनंतरही जुन्या पंतप्रधानानेच कारभार पाहण्याचा संकेत चालतो. ५ जून २०२४ रोजी नरेंद्र मोदींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्यांना पुढील व्यवस्था होईपर्यंत कारभार पाहण्यास सांगितले आणि ९ जूनला नव्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली.