झाशीचा वेढा कसा शिकवावा : गोष्ट आणि तिच्यापुढचा प्रश्न

१८५३ मध्ये गंगाधररावांचे निधन, १८५४ मध्ये संस्थान खालसा, मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजचा वेढा, एप्रिलमध्ये झाशीचा पाडाव. विद्यार्थी मित्रांनो, ही सनावळ तुम्ही पाठ केली असेल आणि परीक्षेनंतर विसरलाही असाल. तिच्यात विचारण्यासारखे काही उरलेलेच नसते.

आता सुरुवात बदलून पाहू. वेढा पडला तेव्हा कोकणात पेणजवळच्या वरसई गावचा एक गरीब भटजी झाशीत काय करत होता?

हे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे चांगली दक्षिणा मिळेल, असे कळल्यावर ते १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेतच बंडाची बातमी कानावर आली. पुढे ते झाशीत पोचले आणि वेढ्यात अडकले. रात्री आकाशातून येणारे तोफगोळे, शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचा नाश, हे सारे त्यांनी 'माझा प्रवास' या पुस्तकात सांगितले आहे. पुढे काल्पीच्या वाटेवर त्यांना एका विहिरीपाशी धुळीने माखलेली, तहानलेली राणी भेटली. ते पाणी काढून देऊ लागले, तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून तिने ते स्वतःच काढायचे ठरवले. हा प्रसंग सांगितला की वर्ग शांत होतो.

पण इथे थांबलात तर तुम्ही फक्त गोष्ट सांगितलीत. इतिहास पुढच्या प्रश्नाने सुरू होतो : सांगणाऱ्याला हे कसे कळले?

मी अभियांत्रिकी शिकवतो. प्रयोगशाळेत कोणी आकडा सांगितला, की तो कोणत्या उपकरणाने घेतला आणि त्यात किती चूक संभवते, हे आम्ही विचारतो. साक्षीदारालाही तेच विचारायचे. शहरातली लूट भटजींनी स्वतः पाहिली. राणी किल्ल्यातून निघाली त्या रात्री मात्र ते शहरात जीव मुठीत धरून होते. म्हणजे ती हकीकत ऐकीव. विहिरीवरच्या भेटीला त्यांच्याखेरीज दुसरा साक्षीदार नाही.

शिवाय हे लेखन घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी झाले. ते छापले गेले १९०७ मध्ये, लेखकाच्या पश्चात. संपादक चिं. वि. वैद्य यांनी त्यात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. इंग्रजी राज्यात हे छापायला भीती का वाटावी, यावर वर्गात वेगळी चर्चा होऊ शकते.

आज झाशीच्या किल्ल्यात राणीने घोड्यासह उडी घेतली ती जागा दाखवतात. तिला लगेच खोटे म्हणू नका आणि खरेही मानू नका. तटाची उंची पाहा, त्या काळचे कागद पाहा, मग मत बनवा. अशा तपासाने राणीचे शौर्य कमी होत नाही. उलट, पुराव्यावर उभे राहिलेले शौर्य वादात डळमळत नाही.

स्वाध्याय : घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पानशेतचा पूर (१९६१) किंवा किल्लारीचा भूकंप (१९९३) यांची आठवण लिहून घ्या. तिचे तीन भाग करा : पाहिलेले, ऐकलेले, नंतर वाटलेले. मग हेच तीन भाग 'माझा प्रवास'मधल्या कोणत्याही एका प्रसंगाचे करा.