दोन साहेबांचा एक माणूस

मागच्या रविवारी भाच्याचा फोन आला. नोकरी अंधेरी पूर्वेला, एका सल्लागार कंपनीत. म्हणाला, "मावशी, मला दोन साहेब आहेत आणि दोघांनाही मी पूर्ण वेळ हवाय. ही पद्धत काढली कुणी?"

आता मावशीने याच धंद्यात आयुष्य घालवलेलं, तेव्हा दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटका कशी होणार? फोनवर जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते.

सुरुवात माणसांपासून झाली नाही, यंत्रापासून झाली. टाटांनी १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस काढली तेव्हा ती टाटा सन्सचाच एक विभाग होती. कामं म्हणजे टिस्कोची पंचकार्डं, सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांतल्या हिशोबांचा ताळमेळ, असली. संगणक एकच आणि अतिशय महाग. त्यामुळे भांडणं व्हायची ती यंत्राच्या तासांवरून. दिवसा कोणाचं काम चालवायचं, रात्रपाळीत कोणाचं. माणसं त्यामानाने स्वस्त होती हो!

१९६९ मध्ये तिथे फकीरचंद कोहली आले, टाटांच्या वीज कंपनीतून. १९५१ पासून ते वीजवाल्यांत होते आणि 'लोड डिस्पॅच'ची व्यवस्था उभारण्यात त्यांचा हात होता. म्हणजे काय, तर मुंबईची मागणी क्षणाक्षणाला बदलते. खोपोली, भिवपुरी, भिरा इथली जलविद्युत केंद्रं आणि ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र, यांतल्या कोणाकडून किती वीज घ्यायची हे एका ठिकाणी बसून ठरवायचं. मला नेहमी वाटतं की असा माणूस सल्लागार कंपनीच्या डोक्यावर येणं हा मोठाच योग होता. पुढे जे करायचं होतं ते हेच, फक्त मेगावॅटच्या जागी माणसं. (कोहलींनी स्वतः असं म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. ही तुलना माझी.)

१९७४ मध्ये बरोज कंपनीचा संगणक आणायचं ठरलं. परकीय चलनाची चणचण, त्यामुळे सरकारची अट अशी की यंत्राच्या किमतीच्या दुप्पट सॉफ्टवेअर निर्यात करा. तिथून या धंद्याचं रूप बदललं. पहिल्या कामांपैकी एक होतं अमेरिकेतल्या इस्पितळांच्या हिशोबाची प्रणाली बरोजच्या एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेण्याचं. ते मुंबईत केलं कशावर? आयसीएल १९०३ वर, म्हणजे तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावर! आधी रूपांतर करणारी एक प्रणाली लिहिली आणि मग तिच्याकडून काम करून घेतलं.

पण दुसरी गोष्ट अशी झाली की आता कामं दोन प्रकारची झाली. एक डॉलर आणणारं, एक रुपये आणणारं. निर्यातीची अट डोक्यावर असताना हुशार माणूस कुठे पाठवला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

१९७३ मध्ये आपल्या मरोळला सीप्झ सुरू झालं होतं. नाव सांताक्रूझचं, जागा अंधेरीची, हा घोळ नवीन माणसाला अजून पडतो. तिथेच १९७७ नंतर टाटा आणि बरोज यांची भागीदारीतली कंपनी आली. बरोजचं काम तिच्याकडे गेलं आणि टीसीएसला स्वतःचं गिऱ्हाईक शोधणं भाग पडलं. त्यासाठी १९७९ मध्ये एस. रामदोराई न्यूयॉर्कला गेले.

इकडे अमेरिकेत विमानं आणि रॉकेटं बनवणाऱ्या कंपन्यांनी १९६० च्या आसपास 'मॅट्रिक्स' पद्धत रुळवली होती. आडव्या ओळीत प्रकल्प, उभ्या ओळीत खाती, आणि प्रत्येक चौकोनात दोन साहेबांचा एक माणूस. भाचेबुवा, तुमचा चौकोन तो हाच. १९७५ मध्ये फ्रेडरिक ब्रुक्स यांनी पुस्तक लिहून बजावलं की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो, कारण नव्याला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो. पुस्तक सगळ्यांच्या कपाटात असायचं. असो.

माझा स्वतःचा अनुभव १९९० च्या दशकाच्या शेवटचा. अंधेरी एमआयडीसीतली एक कंपनी, नाव नको. चाळीस माणसांची दोन वर्षांत दीडशे झाली. वाटपाचा तक्ता सोमवारी माझ्याकडे यायचा. डेटाबेस खऱ्या अर्थाने कळणारा मुलगा एकच आणि तो तीन प्रकल्पांत 'तेहेतीस टक्के'. कागदावर बेरीज नव्व्याण्णव, म्हणजे एक टक्का त्याला श्वास घ्यायला! त्यात एक गिऱ्हाईक मुलुंडला, एक घाटकोपरला. तेव्हा मेट्रो नव्हती (ती २०१४ ला आली), अंधेरीहून घाटकोपरला ३४० नंबरच्या बसने साकीनाक्याच्या गर्दीत रखडत जायचं. तो वेळ कुठल्याच तक्त्यात धरलेला नसे. मी तो धरायला लागले तर वरून विचारणा झाली की या तासांचं बिल कोणाला लावायचं? मी उत्तर दिलं, "कोणालाच नाही, पण मुलगा तेव्हा बसमध्येच असतो." तो रकाना मी नोकरी सोडेपर्यंत ठेवला.

मग वायटूके आलं. ज्याला कोबोल येतं तो सोन्याच्या भावाने जाऊ लागला. आमच्याकडे एका सहकारी बँकेचं काम होतं, अर्ध्यावर. त्यावरची चार माणसं एका महिन्यात परदेशी कामाकडे वळवली आणि जागी आली नुकती पास झालेली पोरं. ती पोरं रात्री दहा-दहा वाजेपर्यंत बसली, काम पूर्णही केलं. पण बँकेचे मॅनेजर मला म्हणाले, "बाई, आमचे पैसे खोटे आहेत का?" ते खोटे नव्हते, फक्त रुपयांत होते.

तो डेटाबेसवाला मुलगा १९९९ ला न्यू जर्सीला गेला. जाताना म्हणाला की तिकडे एकच प्रकल्प आहे, आठ तास, एकच साहेब. पगाराचा आकडा त्याने नंतर सांगितला.

हे दुखणं काही आमच्या एका कंपनीचं नव्हतं. मोठ्यांनी त्यावर 'बेंच' काढला, म्हणजे काम नसतानाही पगार देऊन माणसं राखून ठेवायची. वीजवाल्यांच्या भाषेत राखीव क्षमता. दीडशे माणसांच्या कंपनीला ती परवडत नाही, म्हणून ती माणसाचे तुकडे करते. आणि बेंचवर बसलेल्याला काय वाटतं ते पुन्हा वेगळंच. आमच्या शेजारचा एक मुलगा तीन महिने डबा घेऊन जायचा आणि घरी सांगायचा की कामाचा डोंगर आहे.

सीप्झमधली ती टाटा-बरोज पुढे टाटा युनिसिस झाली, मग टाटा इन्फोटेक, आणि २००५-०६ मध्ये टीसीएसमध्येच विलीन झाली. जवळजवळ तीस वर्षांनी दोन्हीकडची माणसं परत एका तक्त्यावर आली.