डान्झिगच्या गच्चीवरील रुजवात

तारा आपणहून शोधून त्याची छबी पडद्यावर आणून देणारी स्वयंचलित दुर्बीण घ्यावी, की हाताने फिरवून आकाश धुंडाळावयाची जुनी, असा खल हौशी आकाशनिरीक्षकांत हल्ली चालतो; परंतु नवे उपकरण आणि मुरलेली नजर यांचा कज्जा सतराव्या शतकात बाल्टिक किनाऱ्यावरील डान्झिग शहरी ज्या हिरिरीने लढला गेला, तिची सर आजच्या वादाला नाही.

योहानेस हेवेलियस हा तेथील बिअरचा सधन कारखानदार. तो दुर्बिणीचा शत्रू खासच नव्हता. 1647 साली प्रसिद्ध केलेले चंद्राचे नकाशे त्याने दुर्बिणीतून पाहूनच सिद्ध केले होते. मात्र दोन ताऱ्यांमधील अंतर मोजावयाचे झाले म्हणजे तो भिंग दूर सारी. घराच्या छपरावरील वेधशाळेत, वर्तुळाच्या षष्ठांशाएवढ्या कमानीच्या पितळी यंत्राशी एका बाजूस तो आणि दुसऱ्या बाजूस त्याची पत्नी एलिझाबेथ उभी राही, आणि उभयतांचे तारे आपापल्या फटीत एकाच क्षणी नेमके बसले, की कमानीवरील अंश वाचले जात. भिंगाची जुळणी किंचित ढळली तर ती चूक उमगणार कशी, ही त्याची शंका होती, आणि ती अगदीच पोकळ नव्हती.

लंडनच्या रॉबर्ट हूकने 1674 साली, डान्झिगला पाऊलही न टाकता, त्याच्यावर जाहीर टीका केली: मनुष्याच्या डोळ्यास कलेहून, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाहून, सूक्ष्म भेद कळत नाही, सबब असले वेध व्यर्थ. हूकचे गणित बिनतोड, भाषा मात्र असभ्य. अखेर 1679 च्या मे महिन्यात बावीस वर्षांचा एडमंड हॅली दुर्बीण बसविलेले आपले यंत्र घेऊन तेथे गेला, अडुसष्ट वर्षांच्या यजमानाबरोबर त्याने रात्रीमागून रात्री तेच तारे मोजले, आणि म्हाताऱ्याचे वेध विलक्षण अचूक असल्याचा लेखी दाखला देऊन जुलैत परतला. त्यात थोडे दाक्षिण्य असेलही, पण मोजमापे खरोखरच उत्तम होती. सप्टेंबरात आग लागून ती वेधशाळा भस्मसात झाली.

हॅलीचा दाखला असूनही निकाल हूकच्याच बाजूने लागला. कारण हेवेलियस दांपत्याचे नैपुण्य दीर्घ अभ्यासाने अंगी बाणलेले होते, ते दुसऱ्यास सोपविता येण्याजोगे नव्हते, तर भिंगाच्या साहाय्याने साधारण मदतनीसही सूक्ष्म वेध घेऊ शके. पतीच्या निधनानंतर एलिझाबेथने 1690 साली दीड हजारांवर ताऱ्यांची त्याची सूची छापून काढली, तेव्हा ग्रीनिचला जॉन फ्लॅमस्टीड दुर्बीणयुक्त यंत्राने तिच्याहून मोठ्या सूचीसाठी वेध घेत होता.