९८.६ हा आकडा आला कुठून?

आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये मोजतात आणि ताप फॅरनहाइटमध्ये. आकाशवाणीच्या बातम्यांत कमाल तापमान ३८ अंश असतं आणि घरात मुलाला ताप असतो १०२. दोन्ही आकडे एकाच उष्णतेच्या दोन भाषा आहेत. घरी दख्खनी बोलून कागदावर मराठी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे भाषांतर फार जवळचं वाटतं.

फॅरनहाइट यांनी आपली मोजपट्टी १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. बर्फ वितळतो तिथे त्यांनी ३२ लिहिले. त्यांच्यामागे, पाणी उकळण्याचा बिंदू २१२ वर पक्का झाला. स्वीडनचे खगोलशास्त्रज्ञ सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये याच दोन बिंदूंमध्ये १०० भाग पाडले. गंमत म्हणजे त्यांच्या मूळ पट्टीत उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला १०० होते. पुढे ती उलटी करण्यात आली.

आता एका पट्टीवरून दुसरीवर कसं जायचं? याची वाट शतकभर आधीच तयार झाली होती. देकार्त यांचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७ मध्ये आला. त्याच सुमारास फेर्मा यांनी दाखवलं, की दोन अज्ञात राशींचं पहिल्या घाताचं समीकरण म्हणजे सरळ रेषा. आणि रेषा ठरवायला दोन बिंदू पुरतात.

आपले दोन बिंदू हाताशी आहेत. सेल्सिअस ० तेव्हा फॅरनहाइट ३२. सेल्सिअस १०० तेव्हा २१२. म्हणजे सेल्सिअस १०० नी वाढलं, की फॅरनहाइट १८० नी वाढतं. १८० ला १०० नी भागलं की येतात १.८. हा झाला रेषेचा चढ. शून्यावर आधीच ३२ आहेत, ते मिळवायचे. म्हणून सेल्सिअसला १.८ नी गुणा आणि ३२ मिळवा. समीकरण तयार!

जर्मनीतले डॉक्टर वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांचं तापमान नोंदवलं आणि १८६८ च्या ग्रंथात निरोगी माणसाचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस सांगितलं. हा गोळाबेरीज आकडा होता. आता तो आपल्या समीकरणात घाला: ३७ गुणिले १.८ म्हणजे ६६.६, अधिक ३२, म्हणजे ९८.६. झालं! ढोबळ आकड्याला दशांश चिन्ह फुटलं आणि तो देहाचा नियम असल्यासारखा घरोघरी पोचला.

अमेरिकेत १९९२ मध्ये निरोगी प्रौढांची मोजणी झाली, तेव्हा सरासरी ९८.२ आली. शिवाय शरीर सकाळी थोडं थंड असतं, संध्याकाळी थोडं गरम. वयाप्रमाणेही फरक पडतो. ९९ दिसलं म्हणून एखादी आई रात्रभर जागते, आणि थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला '९८ च आहे' म्हणून घरचे निर्धास्त राहतात. दोघांनीही त्या '.६' वर नको तेवढा भरवसा ठेवलेला असतो.

यात रेषेचा दोष नाही. तिने ३७ इमानाने पलीकडे पोचवले. पण मुळात जेवढी खात्री होती, त्याहून जास्त खात्री कुठलंही समीकरण देऊ शकत नाही. भाषांतराचंही तेच. म्हणून थर्मामीटर जरूर बघावा आणि त्याबरोबर माणसाचा चेहराही बघावा.